काढ्याचे दुकान आणि 'मेंदूच्या पेशी वाचवणारी' बाटली

चंद्रपूर जिल्ह्याच्या उत्तरेकडील धानपट्ट्यात, वैनगंगेपासून फार लांब नसलेल्या एका बाजारगावात, बैलबाजाराच्या मैदानाला लागून जडीबुटीचे एक जुने दुकान आहे. पाटीवर मालकांच्या आजोबांचे नाव रंगवलेले आहे, परंतु ते कोणाच्या तोंडी नाही. पंचक्रोशीत त्याला 'काढ्याचे दुकान' म्हणतात आणि मीही येथे तेवढेच म्हणणार आहे, कारण पुढे काही तक्रारी यायच्या आहेत आणि त्या या एका दुकानापुरत्या नाहीत.

मी जवळच्याच एका प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध निर्माण अधिकारी म्हणून नोकरी करतो. गेल्या दिवाळीच्या सुमारास माझ्या वडिलांचे, वय ७६, विसरणे वाढले. सुरुवातीला नातवंडांच्या नावांची अदलाबदल होई आणि ती आम्ही हसण्यावारी नेत असू. परंतु धानाचे चुरणे चालू असताना त्यांनी मजुरांचा एकाच आठवड्याचा हिशेब दोनदा चुकता केला आणि तो दुसऱ्यांदा होत आहे हे मजुरांनीच त्यांना सांगितले, तेव्हा घरात गप्प बसणे शक्य राहिले नाही. पारावरच्या मंडळींकडे उपाय तयार होता. "ब्राम्ही चालू कर, डोस्क्यातल्या पेशी मरत नाई तिच्यानं," असे वडिलांच्या एका वर्गमित्राने मला छातीठोकपणे सांगितले आणि दुकानाचा पत्ताही दिला. त्यानंतरच्या सहा महिन्यांत मी तेथे आठ-नऊ वेळा गेलो. अख्ख्या पानांची ब्राह्मी, शंखपुष्पीचे सरबत, अश्वगंधा, मालकांगणीचे तेल आणि 'ब्रेन टॉनिक' म्हणवणारी कॅप्सूलची एक बाटली असा माल वेगवेगळ्या दिवशी आणला. त्यातले काय वापरले, काय कपाटात ठेवले आणि का, ते येथे लिहितो.

दुकान म्हणून पाहिले तर ते उत्तम आहे, हे आधी सांगितले पाहिजे. धानपट्ट्यात पावसाळ्याचे चार महिने भिंतीही ओल धरतात आणि वाळलेल्या वनस्पतींचा खरा शत्रू ही ओलच असते. बुरशी लागलेल्या मुळीत अफ्लाटॉक्सिनसारखी विषे तयार होऊ शकतात, आणि अशी मुळी एकदा दळून डबीत भरली की नाकाला किंवा डोळ्यांना काहीही कळत नाही. या दुकानात गोण्या जमिनीवर नाहीत. भिंतीपासून हातभर अंतर सोडून सागाच्या फळ्या मांडल्या आहेत, त्यांवर झाकणाचे पत्र्याचे डबे आहेत आणि प्रत्येक डब्यावर माल कोणत्या महिन्यात आला ते खडूने लिहिलेले असते. मागच्या अंगणात मोहफुलांच्या शेजारी गुळवेलीचे तुकडे वाळत घातलेले दिसतात. मंगळवारी, म्हणजे बाजाराच्या दिवशी, मालक स्वतः गल्ल्यावर असतात आणि गर्दीत बोलायला कोणालाच सवड नसते. इतर दिवशी त्यांच्या आई बसतात, आणि दुकानातील वनस्पतींची खरी ओळख या आजींनाच आहे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ब्राह्मीची दळलेली पुडी मागितली, तर त्या म्हणाल्या, "भुकटी नोका घेऊ जी, पानं घ्या. भुकटीत काय हाय ते मलेबी सांगता येत नाई." विकणाऱ्याच्या तोंडून इतका सरळ सल्ला मी माझ्या व्यवसायात फार थोड्या वेळा ऐकला आहे. १०० ग्रॅमचे ९० रुपये झाले.

घरी आल्यावर मी स्टीलच्या ताटात कोमट पाणी घेऊन मूठभर पाला त्यात सोडला. पाच-सात मिनिटांत चुरगळलेली पाने उलगडू लागली. बहुतेक पाने गोलसर होती, देठाकडे खाच असलेली, कडेला बोथट दाते असलेली, आणि त्यांचे देठ पानापेक्षा लांब होते. ही मंडूकपर्णी, म्हणजे सेंटेला एशियाटिका, कोथिंबीर आणि गाजराच्या कुळातील वनस्पती. तिच्यात मिसळलेल्या काही काड्यांवर मात्र नखाएवढी लांबट, जाडसर, बिनदेठाची पाने समोरासमोर जोडीने बसलेली होती आणि त्यांवर शिरा जवळजवळ दिसत नव्हत्या. ही जलब्राह्मी किंवा नीरब्राह्मी, बाकोपा मोनिएरी. मोजली तेव्हा दहांतील आठ पाने मंडूकपर्णीची निघाली, आणि ताटाच्या तळाशी चिमूटभर माती व दूर्वांच्या दोन-तीन काड्या उरल्या.

याला मी फसवणूक म्हणणार नाही. महाराष्ट्रात ब्राह्मी या नावाखाली मंडूकपर्णी विकण्याची रीत जुनी आहे, आणि चरकसंहितेत जी चार मेध्य (बुद्धी वाढवणारी) रसायने सांगितली आहेत, म्हणजे मंडूकपर्णीचा स्वरस, दुधातून ज्येष्ठमधाचे चूर्ण, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क, त्यांतही मंडूकपर्णीचाच मान आहे. अडचण वेगळ्या ठिकाणी आहे. स्मरणशक्तीवर माणसांमध्ये ज्या चाचण्यांचा हवाला वर्तमानपत्रांतून आणि मोबाइलवरून फिरत असतो, त्यांपैकी बहुतेक चाचण्या बाकोपाच्या अर्कावर झाल्या आहेत. त्या वाचून जो माणूस दुकानात ब्राह्मी मागतो, त्याच्या हाती आमच्या भागात बहुधा दुसरीच वनस्पती पडते, आणि मग गुण आला तरी किंवा नाही आला तरी तो कशाचा, हे कोणालाच सांगता येत नाही.

पुढच्या खेपेला मी दोन्ही पाने कागदावर चिकटवून नेली आणि आजींपुढे ठेवली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, जलब्राह्मीचे पान जिभेच्या टोकाला लावले आणि तोंड कडू करून म्हणाल्या, "हे त तलावाच्या पाळीवरचं होय. हे पायजे असंन त सांगून ठेवा लागते." मालगुजारी तलावांच्या आमच्या मुलखात ही वनस्पती पाळीच्या ओलसर कडेला आपोआप पसरलेली असते आणि तिला पांढुरकी जांभळी बारीक फुले येतात. पंधरा दिवसांनी आजींनी ती वेगळी वाळवून ठेवली होती, १०० ग्रॅम १५० रुपयांना. मी विचारले, कोणत्या तलावाची? कारण जलब्राह्मी पाण्यातील आणि गाळातील कॅडमियम, शिसे यांसारखे धातू आपल्यात ओढून घेते, हे लखनौच्या संशोधकांनी दाखवलेले आहे, आणि नालीच्या तोंडाशी वाढलेली जलब्राह्मी मेंदूसाठी खाण्यापेक्षा न खाल्लेली बरी. आजींना या प्रश्नाचा राग आला नाही. त्यांनी गावाचे नाव सांगितले, आणणाऱ्या बाईचे आडनाव सांगितले, आणि गावची नाली त्या तलावात उतरत नाही हेही न विचारता सांगितले. मालाच्या उगमाबद्दल एवढी माहिती छापील डबीवर कधीच मिळत नाही. दुकानाला मी सर्वांत जास्त गुण देतो ते याच गोष्टीसाठी.

आता 'पेशी वाचतात' या शब्दांकडे येतो, कारण दुकानाच्या दर्शनी भागावरच्या फ्लेक्सवर, सरबताच्या खोक्यावर आणि कॅप्सूलच्या बाटलीवर तिन्हीकडे ते आहेत. हे शब्द प्रयोगशाळेतून आले आहेत आणि तेथे ते खरेही आहेत. काचेच्या बशीत चेतापेशी वाढवल्या जातात, त्यांवर बीटा-अमायलॉइड हे प्रथिन, ग्लुटामेट किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड यांपैकी काहीतरी टाकले जाते, आणि आधी बाकोपाचा, हळदीचा किंवा अश्वगंधेचा अर्क मिळालेल्या पेशी त्या माऱ्यात कमी प्रमाणात मरतात. उंदरांवरही असे परिणाम दिसले आहेत. बाकोपामधील बाकोसाइड या घटकांवर लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने बरीच वर्षे काम केले आणि त्यातून प्रमाणित अर्कही तयार झाला. परंतु बशीतल्या पेशीला पोट नसते, यकृत नसते, आणि रक्तातील बहुतेक पदार्थांना मेंदूच्या बाहेरच थोपवून धरणारा जो अडसर आपल्या केशवाहिन्यांच्या भिंतीत असतो, तोही नसतो. हळदीतील कर्क्युमिनचे उदाहरण सर्वांना ठाऊक असायला हवे. बशीत ते जवळजवळ प्रत्येक परीक्षेत पहिले येते, पण तोंडाने घेतल्यावर त्याचा अगदी थोडा भाग रक्तात शिरतो आणि जो शिरतो त्याचाही यकृत लगेच निकाल लावते.

माणसांवरच्या चाचण्यांत मोजले जाते ते निराळेच. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत ६५ वर्षांवरील ५४ जणांपैकी काहींना बाकोपाचा ३०० मिलिग्रॅम प्रमाणित अर्क आणि काहींना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी १२ आठवडे रोज देण्यात आली. अर्क घेणाऱ्यांना वाचून दाखवलेले शब्द काही वेळाने आठवण्यात थोडी सुधारणा झाली, आणि दुष्परिणाम थोडेच दिसले, त्यांत मुख्यतः पोटाच्या तक्रारी होत्या. यात शब्द मोजले गेले. पेशी मोजल्या गेल्या नाहीत आणि जिवंत माणसाच्या मेंदूत त्या तशा मोजताही येत नाहीत. तेव्हा 'आठवणीला थोडी मदत होत असावी' इथपर्यंत मी यायला तयार आहे. 'पेशी मरत नाहीत' हे वाक्य माणसाच्या बाबतीत अजून कोणी सिद्ध केलेले नाही. शिवाय मात्रेचा हिशेब आहेच. या प्रकारच्या चाचण्यांत वापरल्या गेलेल्या एका प्रसिद्ध अर्काचे ३०० मिलिग्रॅम म्हणजे सुमारे ६ ग्रॅम वाळलेली वनस्पती. दुकानात सांगितले जाते ते 'चिमूटभर सकाळी दुधातून', आणि मालकांना मी ग्रॅममध्ये विचारले तेव्हा त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की जणू मी मिठाचे वजन विचारत होतो.

येथपर्यंत तक्रार किरकोळ आहे. खरी तक्रार शंखपुष्पीच्या सरबताची आहे आणि ती मी डोळ्यांनी पाहिलेल्या प्रसंगावरून करत आहे. परीक्षांच्या आधी या सरबताचा खप वाढतो. फेब्रुवारीतील एका मंगळवारी माझ्या पुढे तीन गिऱ्हाइके होती आणि तिघांच्याही हातात तीच बाटली होती. त्यांतील एका बाईंनी पैसे देता देता पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढली आणि विचारले, "पोराच्या मिरगीच्या गोळ्या चालू हायत, याच्यासंगं चालते ना भाऊ?" मालकांनी पट्टीकडे न पाहताच उत्तर दिले, "आयुर्वेदिक हाय बाई, याच्यानं काई होत नाई." ती पट्टी फेनिटॉइनची होती. मी ती दुरूनच ओळखली, कारण तीच गोळी मी रोज माझ्या खिडकीतून देतो.

शंखपुष्पीयुक्त औषध आणि फेनिटॉइन यांचे वैर आपल्याच राज्यात उघडकीला आले आहे. ज्यांची मिरगी गोळ्यांनी आटोक्यात होती अशा दोन रुग्णांना सरबत सुरू केल्यावर पुन्हा झटके येऊ लागले, त्यावरून मुंबईच्या संशोधकांनी उंदरांवर तपासणी केली, आणि सरबताचे अनेक डोस दिल्यावर रक्तातील फेनिटॉइनचे प्रमाण उतरते असे त्यांना आढळले. हा अभ्यास १९९२ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे मेंदू तल्लख व्हावा म्हणून आणलेली बाटली त्या मुलाला शाळेच्या रस्त्यावर झटका येण्याचे कारण ठरू शकली असती, आणि लांबलेला झटका मेंदूला घातक ठरू शकतो. मी पुढे होऊन त्या बाईंना बाजूला घेतले, बाटली परत करायला लावली आणि गोळी एक दिवसही चुकवू नका असे सांगितले. मालकांनी पैसे परत केले, परंतु चारचौघांत मी त्यांचे गिऱ्हाईक फिरवले याचा राग त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसला, आणि पुढच्या दोन खेपांना त्यांनी मला चहा विचारला नाही. आयुर्वेदिक औषधे बनवायला परवाना लागतो, पण ती विकायला आपल्या कायद्यात वेगळा परवाना लागत नाही. त्यामुळे गल्ल्यावर बसणाऱ्याला फेनिटॉइन ठाऊक असावे अशी सक्ती कोठेच नाही. 'दुसरी कोणती गोळी चालू आहे?' हा एक प्रश्न विचारायला मात्र परवाना लागत नाही, आणि सहा महिन्यांत तो प्रश्न मी या दुकानात एकदाही ऐकला नाही. आजींकडूनसुद्धा नाही.

सरबताच्याच बाबतीत आणखी एक. शंखपुष्पी या नावाखालीही एकाच वनस्पतीचा व्यवहार होत नाही. कोठे कन्व्होल्व्हुलस, कोठे विष्णुक्रांता, तर कोठे चक्क कुंपणावरची गोकर्णी वापरली जाते, आणि साखरेच्या पाकात शिरल्यावर आजींची जीभही त्यांच्यात फरक करू शकणार नाही. वडिलांना मी हे सरबत दिले नाही. त्यांना फेनिटॉइन चालू नाही, पण इतक्या साखरेचे त्यांना कारणही नव्हते.

'ब्रेन टॉनिक'ची बाटली हा दुकानातील सर्वांत महाग आणि सर्वांत निरुपयोगी माल आहे. ६० कॅप्सूलचे ६४० रुपये. दर्शनी बाजूला मेंदूचे चमकते चित्र, त्याभोवती ढाल, आणि 'न्यूरॉनचे संरक्षण' ही अक्षरे. मागच्या बाजूला, वाचायला मला मोबाइलचा दिवा लावावा लागला अशा बारीक टाइपात, अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा क्रमांक आणि 'औषधी उपयोगासाठी नाही' हे वाक्य. ही बाटली औषध म्हणून परवाना घेऊन बाजारात आलेलीच नाही. कायद्याच्या दृष्टीने ती अन्नपूरक आहे, आणि अन्नपूरकाला रोग बरा करण्याचा किंवा टाळण्याचा दावा करता येत नाही. पुढे ढाल आणि मागे हात वर, असा हा प्रकार आहे. घटकांत ब्राह्मी २५० मिलिग्रॅम लिहिले आहे, पण भुकटी की अर्क, आणि बाकोपा की सेंटेला, यांपैकी काहीही लिहिलेले नाही.

तिच्यातील दुसरा मोठा घटक जिंको बायलोबा हा आहे. हे झाड चीनचे, आणि त्याच्या बाबतीत सुदैवाने अंदाजावर राहण्याची गरज नाही, कारण त्याची परीक्षा नीट आणि मोठ्या प्रमाणावर घेतली गेली आहे. अमेरिकेत बहुतेक ७५ वर्षांवरील असलेल्या ३,०६९ जणांना दोन गटांत विभागून एका गटाला दिवसातून दोनदा १२० मिलिग्रॅम जिंको आणि दुसऱ्याला बनावट गोळी देण्यात आली, आणि सरासरी सहा वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवण्यात आले. २००८ साली निकाल आला. स्मृतिभ्रंश जिंको घेणाऱ्यांपैकी २७७ जणांना झाला आणि न घेणाऱ्यांपैकी २४६ जणांना. हा फरक जिंकोने अपाय झाला असे म्हणण्याइतका मोठा नाही, पण ज्याला ढाल म्हणून विकले जाते त्याच्याकडून उलट्या बाजूचा आकडा यावा, हे बाटलीवर छापले जाणार नाही हे उघड आहे. वडिलांना हृदयासाठी ॲस्पिरिन चालू आहे आणि जिंकोसोबत रक्तस्रावाची शक्यता वाढू शकते, म्हणून मी ती बाटली उघडलीही नाही.

वनस्पतींतून मेंदूचे औषध निघतच नाही, असे मात्र कोणी समजू नये. स्मृतिभ्रंशावर डॉक्टर देतात त्या गॅलंटामाइनचा शोध स्नोड्रॉप या युरोपीय फुलझाडाच्या कुळातून लागला आणि २००१ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. आपल्याकडची खाजकुहिली तर याहून जवळचे उदाहरण आहे. जिच्या शेंगेच्या कुसांनी लहानपणी आपण सर्वांनी अंग खाजवून घेतले आहे, तिच्या बियांत कंपवातावरचे मुख्य औषध, लेव्होडोपा, खरोखरच असते. काढ्याच्या दुकानात या बिया कवचबीज म्हणून मिळतात. त्यात औषध आहे म्हणूनच जपायला हवे, कारण ज्याला लेव्होडोपाच्या गोळ्या आधीच चालू आहेत त्याने वरून चमचाभर भुकटी घेतली तर मात्रा किती झाली हे कोणालाच कळणार नाही. आणि ही दोन्ही औषधेसुद्धा पेशींचे मरण थांबवत नाहीत. पेशी कमी झाल्यामुळे जे रसायन उणे पडते, त्याची ती काही काळ भरपाई करतात.

बाकी माल थोडक्यात. अश्वगंधेची मुळी चांगली आहे, पांढरट, टणक, मोडली की काडकन आवाज होणारी. पाला नाही, मुळीच द्या, असे सांगायची वेळ येथे आली नाही. झोप आणि ताण यांसाठी तिच्या बाजूने थोडाफार पुरावा आहे, पण यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत आणि थायरॉइडच्या संप्रेरकावर ती परिणाम करते, म्हणून वडिलांचा थायरॉइडचा अहवाल येईपर्यंत ती कपाटात ठेवली आणि नंतर झोपेची तक्रारच नसल्याने तेथेच राहिली. मालकांगणीचे तेल घट्ट, तांबूस, उग्र वासाचे आहे. बुद्धीसाठी दोन थेंब बत्ताशावर घ्या असे मालक म्हणतात. वडील ते गुडघ्याला चोळतात आणि समाधानी आहेत. वरच्या फळीवर भस्मांच्या बिनलेबलाच्या पुड्या आहेत, त्यांना मी हात लावला नाही. बोस्टन परिसरातील दुकानांत घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले होते, आणि शिसे हे मेंदूचे, विशेषतः मुलांच्या मेंदूचे, सरळ विष आहे.

फ्लेक्सबद्दलही लिहिले पाहिजे. 'लकवा, मिरगी, विसरभोळेपणा यांवर रामबाण' असे दुकानावर लावणे १९५४ च्या औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यात बसत नाही. मेंदूचे विकार, मिरगी आणि पक्षाघात हे तिन्ही त्याच्या यादीत आहेत. मी हे मालकांना एकटे असताना सांगितले. फ्लेक्स अजून आहे, फक्त 'मिरगी' या शब्दावर आता कॅलेंडर टांगलेले आहे.

वडिलांचे काय झाले, हे वाचणारा विचारेलच. तालुक्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासले, तर बी-१२ जीवनसत्त्व फारच कमी निघाले. आमच्या घरात मांसमच्छी नाही आणि वडिलांचे दूधही काही वर्षांपासून सुटले होते. या कमतरतेनेही माणूस विसराळू होतो आणि हे विसरणे वेळीच उपचार झाल्यास बरेचसे मागे फिरू शकते. इंजेक्शने सुरू झाली, आणि त्याच महिन्यात, डॉक्टरांना सांगून, मी तलावावरची जलब्राह्मीही सुरू केली होती. पहिल्या आठवड्यात वडिलांना दिवसातून तीनदा शौचाला जावे लागले, म्हणून जेवणानंतर द्यायला लागलो, तेव्हा ते थांबले. तीन महिन्यांनी त्यांनी उन्हाळी धानाच्या मजुरीचा हिशेब वहीत न चुकता लिहिला. मालकांनी हे ऐकल्यावर शेजारच्या दोन गिऱ्हाइकांना लगेच सांगितले की मास्तरांच्या बाबांना आमच्या ब्राह्मीने गुण आला. (मी मास्तर नाही, पण चष्मा आणि प्रश्न यांमुळे दुकानात माझे नाव तेच पडले आहे.) मला तसे म्हणता येत नाही. दोन्ही गोष्टी एकाच महिन्यात सुरू करण्याची चूक माझी आहे, आणि श्रेय द्यायचेच झाले तर माझा कल इंजेक्शनांकडे आहे. ब्राह्मी आम्ही १२ आठवड्यांनी बंद केली; त्यानंतर आतापर्यंत फरक पडलेला नाही.

जायचे असल्यास मंगळवार टाळावा आणि सकाळी दहाच्या आत जावे, म्हणजे आजी भेटतात. अख्खी पाने व मुळ्या मागाव्यात, दळण समोर करून देतात. चालू असलेल्या गोळ्यांची पट्टी किंवा चिठ्ठी खिशात न्यावी, पण ती दाखवायची आपल्या डॉक्टरांना किंवा आरोग्य केंद्रात, दुकानात नाही. बिल मागितल्याशिवाय मिळत नाही, मागितले तर देतात. उघडलेला माल परत घेत नाहीत. माझी 'ब्रेन टॉनिक'ची बाटली सीलबंद असल्यामुळे मालकांनी थोडी कुरकुर करून ती बदलून दिली, आणि त्या ६४० रुपयांत मी समुद्रपूर तालुक्यातील वायगावची हळद घेतली, जिला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. आजींनी वजन करताना विचारले, "हेबी डोस्क्यासाठीच काय जी?" मी म्हटले, नाही, वरणासाठी.